हरणांपासून बाग वाचवायचे घरगुती उपाय : तुमच्याकडे खरंच काय चाललं?

मोगरावेडी
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीत राहतो, घरामागे ओढा आणि त्यापलीकडे थोडं रान आहे, त्यामुळे हरणं रोजचीच. यंदा ट्युलिपच्या कळ्या उमलायच्या आधीच गेल्या, होस्टाचे (सावलीत लावतात ते मोठ्या पानांचं शोभेचं झाड) नुसते देठ उरलेत आणि आता गुलाबाची कोवळी पालवी कुरतडायला सुरुवात झालीय. मे संपता संपता भाज्या बाहेर लावायच्यात. वाल, गवार, भेंडी, टोमॅटो, मिरच्या, सगळ्याची रोपं खिडकीत तयार आहेत आणि मला आत्ताच धडकी भरलीय.
पुढच्या अंगणात उंच कुंपणाला टाउनशिप परवानगी देत नाही. मागे घालता येईल पण पूर्ण यार्डचा खर्च झेपणारा नाही. दुकानातले स्प्रे मोठ्या बागेला परवडत नाहीत. म्हणून घरगुती उपाय विचारतेय. केस, साबण, अंडी, तिखट, कॉफीचा चोथा, सगळं ऐकून आहे. पण मला ऐकीव नकोय, तुमच्या अंगणात कशावर चाललं, किती टिकलं, पावसानंतर काय झालं ते सांगा प्लीज.

चिकूची_आई
वाचतेय गं. आमच्याकडेही तेच. इथे होस्टा लावणं म्हणजे हरणांना पान वाढून ठेवणं.

पेनकर
आधी एक खात्री करून घ्या की हरणंच आहेत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पान किंवा फांदी खालच्या दातात धरून ओढतं आणि तुटलेली कड फाटकी, धागे निघालेली दिसते. सशाने खाल्लं तर काडी चाकूने तिरकी कापल्यासारखी स्वच्छ असते आणि सगळं नुकसान जमिनीपासून दीड-दोन फुटांच्या आत असतं. ग्राउंडहॉग, म्हणजे बिळात राहणारा खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी, तर भाजीचा आख्खा वाफा दिवसाढवळ्या बसकण मारून संपवतो. ग्राउंडहॉगला साबण लावून काही उपयोग नाही, त्याला जमिनीखाली वळवलेली जाळीच लागते. आमच्या शेजाऱ्यांनी अख्खा सीझन हरणांना शिव्या घातल्या आणि निघाला ग्राउंडहॉग, डेकखाली बीळ करून राहिलेला.

मोगरावेडी
@पेनकर, हरणंच आहेत. कडा फाटक्या आहेत, पाच फुटांपर्यंत अर्बोर्व्हिटी (सदाहरित झाड) खालून बोडकी झालीय आणि खुरांचे ठसेही आहेत. पण दातांचं माहीत नव्हतं, मस्त माहिती.

शेवंता
साबण चालतो, माझा अनुभव चांगला आहे, पण तो समजून वापरावा लागतो. चरबीपासून केलेला साबण हवा, वेष्टणावर घटकांत सोडियम टॅलोवेट लिहिलेलं असतं तो. त्यातल्या फॅटी ॲसिडच्या वासाने हरीण लांब राहतं, सुगंधाने नाही, त्यामुळे महागडा चंदनाचा वगैरे आणू नका. कागद न काढता वडीला भोक पाडायचं आणि सुतळीने झाडाला टांगायची, कागद असला की पावसात लवकर विरघळत नाही.
आता मुख्य गोष्ट. एका वडीचा प्रभाव साधारण तीन फुटांपर्यंतच असतो. लोक आख्ख्या यार्डात चार वड्या टांगतात आणि म्हणतात साबण फेल. माझ्या प्रत्येक अर्बोर्व्हिटीला एकेक वडी आहे, मोठ्या झाडाला दोन, हरणाच्या तोंडाच्या उंचीवर. सफरचंदाच्या छोट्या झाडांना पण तसंच. त्यांना हात (म्हणजे तोंड) लागलेला नाही. भाजीच्या वाफ्याला मात्र साबण पुरत नाही, किती वड्या टांगणार?

बागुलबुवा_व्हीए
केसांबद्दल लिहितो. आमच्या इथल्या सलूनमधून पिशवी भरून केस आणले होते, जुन्या स्टॉकिंग्जमध्ये भरून गुलाबांना टांगले. पहिल्या पावसापर्यंतसुद्धा फरक दिसला नाही. आणि कारण सरळ आहे, आपल्या सबडिव्हिजनमधली हरणं माणसांत वाढलेली आहेत. मी कचऱ्याचा डबा ओढत नेतो तेव्हा ती चावणं थांबवून माझ्याकडे बघतात आणि परत खायला लागतात. माणसाच्या वासाला ती का घाबरतील? जिथे शिकार चालते अशा गावाकडच्या भागात केस चालत असतील तर माहीत नाही, आमच्या व्हर्जिनियातल्या अॅशबर्नमध्ये नाही.
मोशन सेन्सरवाला स्प्रिंकलर मात्र चालला. अचानक फस्स करून पाण्याचा फवारा आला की उधळतात. जागा अधूनमधून बदलावी लागते नाहीतर त्यांना पाठ होतं. पोस्टमन भिजला तेव्हापासून पुढच्या दारातला दिवसा बंद ठेवतो.

चिकूची_आई
बिचारा पोस्टमन :D

नंदामावशी
आमच्या लहानपणी ट्रंकेत कपड्यांत डांबरगोळ्या असायच्या, कसर फिरकत नसे. त्या कापडात बांधून झाडांना टांगल्या तर? वास तर चांगला उग्र असतो. कुणी करून बघितलंय का?

औषधी
मावशी, कृपा करून ते करू नका, आणि इतर कुणी करत असेल तर आजच काढा. डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन नाहीतर पॅराडायक्लोरोबेन्झीन असतं. दोन्ही विषारी आहेत. गोळी पांढरी, गोळीसारखी दिसते, लहान मूल सहज तोंडात टाकतं, कुत्रा खातो. नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ज्यांना जी-सिक्स-पीडी ह्या एन्झाइमची कमतरता असते त्या मुलांत तर थोड्या मात्रेनेही गंभीर होऊ शकतं. गोळ्या मातीत विरघळत राहतात ते वेगळंच. शिवाय अमेरिकेत हे कीटकनाशक म्हणून नोंदलेलं आहे, बंद पेटीत कपड्यांसाठी वापरायचं, उघड्यावर बागेत वापरणं कायद्यानेही चालत नाही. बाकी कुठलाही उपाय फसला तर फार तर झाड जाईल, हा तसा नाही.

नंदामावशी
बरं झालं विचारलं बाई. उन्हाळ्यात नातवंडं येतात, ती अंगणातच असतात. रद्द.

लालमाती
अंड्याचा स्प्रे. माझ्या मते घरगुतीत हाच खरा उपाय, बाकीचे पूरक. दुकानातल्या बऱ्याच स्प्रेंमध्येही मुख्य घटक कुजलेल्या अंड्याचाच असतो, डब्यावर पुट्रेसंट एग सॉलिड्स असं लिहिलेलं असतं. कुजणाऱ्या प्रथिनांचा वास हरणाला हिंस्र प्राण्याची आठवण करून देतो, म्हणून ते तिथे तोंड घालत नाही. आपल्याला वाळल्यावर वास येत नाही, त्याला येत राहतो.
प्रमाण: २० टक्के अंडं, ८० टक्के पाणी. म्हणजे लिटरभर करायचं तर साधारण चार अंडी आणि बाकी पाणी. अंडं फोडल्यावर बलकाला चिकटलेली पांढरी दोरी असते ती काढून टाका, तीच स्प्रेच्या तोंडात अडकते. मिक्सरमधून काढा (जुनं भांडं ठेवा वेगळं!), मलमलच्या कपड्याने गाळा, फवारा. मी थोडा लसूण पण वाटून घालते. पानं कोरडी असताना आणि पुढे काही तास पाऊस नसेल तेव्हा मारायचं. साधारण महिनाभर टिकतं.
पण वसंतात महिनाभर थांबू नका, कारण फवारल्यानंतर जी नवी पालवी येते तिच्यावर काहीच नसतं आणि हरणाला नेमकी तीच हवी असते. मी वाढ जोरात असताना आठवड्या-दोन आठवड्यांनी नव्या शेंड्यांवर मारते आणि धो धो पाऊस झाला तर लगेच.
आणि हे खायच्या भाजीवर अजिबात मारायचं नाही. कच्चं अंडं आहे, साल्मोनेला असू शकतो. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर कुणी मारेल म्हणून ठळक लिहिलं. फुलझाडं, झुडपं, होस्टा, गुलाब ह्यांच्यासाठी.

रानफूल
लालमाती, छान लिहिलंय. पण आमच्या घरात अंडं येत नाही, सासूबाई बागेतच पूजेची फुलं काढतात, त्यावर अंड्याचं पाणी त्यांना चालणार नाही आणि खरं सांगायचं तर मलाही चालणार नाही. शाकाहारी काही आहे का? चरबीचा साबणही बाद मग.

लालमाती
@रानफूल, बरोबर आहे, पूजेच्या फुलांवर नकोच. मग लसूण आणि तिखट. आठ-दहा पाकळ्या लसूण, मूठभर लवंगी मिरच्या वाटून पाण्यात रात्रभर भिजवून गाळायचं, त्यात चमचाभर लिक्विड सोप चिकटण्यासाठी. पण पूजेच्या फुलांना लसणाचा वास... हे पण अवघडच आहे. मग फुलांवर न मारता भोवतीच्या पानांवर मारता येईल.

पेनकर
तिखटाबद्दल थोडं वेगळं मत आहे. तिखटाचा उपाय चवीवर चालतो, म्हणजे हरणाने आधी एक घास खायलाच लागतो. वासाचे उपाय त्याला लांबच थांबवतात. कळपातलं प्रत्येक हरीण एकेक घास घेऊन बघणार, तोवर कळ्या गेल्या. शिवाय घरच्या मिरचीपाण्याची ताकद भुकेल्या हरणाला पुरत नाही आणि पावसात सगळ्यात आधी तेच धुऊन जातं. रानफूल, तुमच्यासाठी मी वासाचे उपाय सोडून झाडंच बदलायला सांगेन. रटगर्स विद्यापीठाची न्यू जर्सीसाठी यादी आहे, झाडांची चार गटांत विभागणी, क्वचित खातात इथपासून नेहमी फडशा पाडतात इथपर्यंत. डॅफोडिलला हरीण तोंड लावत नाही कारण त्याच्या कंदात-पानात विषारी लायकोरीन असतं. ट्युलिपच्या जागी डॅफोडिल, अलियम, होस्टाच्या जागी फर्न आणि हेलेबोर, उन्हात लॅव्हेंडर, कॅटमिंट, रशियन सेज, पिओनी. फुलंच फुलं, पूजेलाही होतात.

चिकूची_आई
झेंडू पण खात नाहीत ना? दसऱ्यासाठी लावायचाय.

शेवंता
झेंडू नाही खात, माझ्याकडे गेली कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला आहे.

बागुलबुवा_व्हीए
आमच्याकडे खातात. आधी फुलं खुडून खाल्ली मग पानं. दसऱ्याला इंडियन स्टोअरमधून तोरण आणलं.

शेवंता
कमालच आहे! पण असं होतं खरं, एका काउंटीतली हरणं जे खात नाहीत ते दुसरीकडची खातात, आणि कडक हिवाळ्यानंतर तर काहीही खातात. म्हणूनच त्या यादीत न खाणारी असं म्हटलेलं नाही, क्वचित खातात असं म्हटलंय.

रोहीवाला_वरोरा
तुमच्या लोकांचं वाचून राहिलो अन् वाटलं आपणही लिहावं. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, वरोऱ्याकडे शेती आहे आमची. आमच्याकडे रोही, म्हणजे तुमची ती नीलगाय, अन् रानडुक्कर, अन् जंगलाला लागून चितळ. बाग नाही, पोटाचं पीक आहे. हरभरा फुलावर आला का रोह्यांचा कळप रात्रीतून येते अन् खाऊन जाते त्याहून जास्त तुडवून जाते.
घरगुती म्हणाल तर बायकांच्या जुन्या साड्या धुऱ्यानं बांधतात, चारी बाजूनं. वाऱ्यानं हलतात, रंग दिसते, माणसाचा वासही राहते. सुरुवातीले बुजते जनावर. पण महिन्याभरात ओळखते अन् साडीखालून डुक्कर अन् वरून रोही. मग जागल. मचाणावर बसायचं, बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, फटाके. थंडीत रातभर जागून दिवसा परत वावरात. आता काही जणांनी झटका मशीन बसवली सोलरवाली, त्यानं बराच फरक आहे. ते अधिकृत मशीन असलं का करंट ठोक्यानं देते, जनावर मरत नाही. पण कोणी कोणी थेट लाइनचा तार सोडतात, त्यानं जनावरं तर मेलीच, माणसंही गेली आहेत आमच्या भागात. ते कोणीच करू नये. नुकसान झालं का वनखात्याले कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते, वेळ लागते पण मागावी.

मोगरावेडी
@रोहीवाला_वरोरा, दादा मनापासून धन्यवाद. आमची फुलं जातात, तुमचं वर्षाचं उत्पन्न जातं, ह्याची जाणीव आहे. साड्यांची आयडिया किती दिवस चालते हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते फार उपयोगी आहे. म्हणजे कुठलाही एक उपाय कायमचा नाही, जनावर शिकतं.

रोहीवाला_वरोरा
हो ना ताई. बुजगावण्याले दर आठ दिवसानं कपडे बदला, जागा बदला, तवाच ते माणूस वाटते.

चिकूची_आई
आमच्या एचओएला (घरमालकांच्या संघटनेला) मी साड्या बांधलेल्या आवडतील असं वाटत नाही, पण काठपदराची हौस भागेल :)

कढीपत्ता_फॅन
मी डेकवर कढीपत्ता ठेवतो उन्हाळ्यात, हरणं डेकच्या पायऱ्यांपर्यंत येतात पण त्याला कधी तोंड लावलं नाही. तुळशीलाही नाही. उग्र वासाची पानं आवडत नसावीत. पुदिना, शेपू, कांदा, लसूण पण शाबूत. मात्र रताळ्याचा वेल लावला होता तो जमिनीपर्यंत खाल्ला.

रानफूल
तुमचा कढीपत्ता हिवाळ्यात जगतो? माझा दरवर्षी जानेवारीत पानं टाकतो.

कढीपत्ता_फॅन
रात्रीचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की आत घ्या, दक्षिणेकडच्या खिडकीत, पाणी अगदी कमी. पानं गळली तरी फेकू नका, खोड हिरवं असेल तर मार्चमध्ये फुटतो. हिवाळ्यात लोक पाणी घालून मारतात.

नंदामावशी
अरे विषय कढीपत्त्यावर गेला, तो जातोच :) त्याचा वेगळा धागा काढा रे कुणीतरी, मला पण विचारायचंय.

सावली
मी जरा वेगळं बोलते. तुम्ही सगळे हरणांना शत्रू समजून बोलताय. ती बिचारी जाणार कुठे? जिथे आपली घरं आहेत तिथे आधी त्यांचं रान होतं. आम्ही मागच्या कडेला त्यांच्यासाठी मका टाकतो, पाडसं येतात, मुलं खिडकीतून बघतात, किती गोड दिसतं. थोडी फुलं गेली तर गेली.

पेनकर
सावली, भावना समजते, मलाही पाडसं आवडतात. पण मका टाकू नका, हे मी कळकळीने सांगतोय. अचानक भरपूर मका खाल्ला की हरणाच्या पोटात आम्ल वाढून ते मरूसुद्धा शकतं, विशेषतः हिवाळ्यात जेव्हा त्याचं पोट काटक्या पचवायला सरावलेलं असतं. एका जागी गर्दी झाली की रोग पसरतात. आणि शेजारच्या सगळ्या बागा आपोआप त्यांच्या वाटेवर येतात.
दुसरं, आपण त्यांच्या रानात आलो हे अर्धंच खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे ह्या भागातून पांढऱ्या शेपटीची हरणं जवळजवळ संपली होती. आज देशभरात त्यांची संख्या कोट्यवधींत आहे. लांडगे नाहीत, प्युमा नाही, आणि आपण बनवलेली उपनगरं, म्हणजे थोडं रान, थोडं लॉन, खत घातलेली झुडपं, हे त्यांना घनदाट जंगलापेक्षा जास्त मानवतं. न्यू जर्सीत बंदुकीची शिकार घरापासून ४५० फुटांच्या आत आणि धनुष्यबाणाची १५० फुटांच्या आत करता येत नाही, त्यामुळे वस्तीत ती सुरक्षित असतात. ह्याचा त्रास फक्त आपल्या होस्टाला नाही. आमच्या जवळच्या पार्कात फिरा, जमिनीपासून पाच फुटांपर्यंत हिरवं काहीच नाही, ओकची रोपं वर येतच नाहीत, रानफुलं गेली, झुडपांत घरटी करणारे पक्षी कमी झाले. रान वाचवायचं असेल तर हरणं कमी असायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

सावली
मक्याचं खरंच माहीत नव्हतं. ते बंद करते. बाकी मारण्याबद्दल माझं मत तेच आहे.

कढीपत्ता_फॅन
सीतामाईच्या अंगणात होस्टा असते तर तिने कांचनमृग मागितलाच नसता :D

औषधी
हरणांचा विषय आहे तर गोचिडीचं बोलायलाच हवं. ज्यांच्या बागेत हरणं येतात त्यांनी गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम डिसीज हलक्यात घेऊ नका. ईशान्य अमेरिकेत हा रोग भरपूर आहे, नावच कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलं. गोचिडीला जंतू मिळतात ते बहुतेक उंदरांकडून, हरणांकडून नाही, पण मोठ्या गोचिडी हरणांच्या रक्तावर पोसल्या जातात आणि हरणंच त्या अंगणात आणून सोडतात. मे ते जुलै ह्या काळातली पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, सहज दिसत नाही.
बागकामाला फुल पँट, पायमोजे पँटवर ओढलेले, घरात आल्यावर अंघोळ आणि गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला, केसांत तपासणी. मुलांची तपासणी आईवडिलांनी करावी. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, तेल-व्हॅसलीन-काडी काही नाही. सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहिली तरच धोका वाढतो, म्हणून रोजची तपासणी महत्त्वाची. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा, ताप, अंगदुखी वाटली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

चिकूची_आई
औषधी, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय. थँक्यू.

पेनकर
आता भाजीच्या प्रश्नाकडे येतो, कारण मोगरावेडींनी वाल-भेंडीबद्दल विचारलं होतं आणि आपण सगळे फुलांतच अडकलोय. भाजीला वासाचे उपाय चालणार नाहीत. अंडं मारता येत नाही, साबण पुरत नाही, तिखट धुऊन जातं, आणि वालाची कोवळी पानं तर हरणांना भलतीच आवडतात. भाजीला कुंपणच. पण आख्ख्या यार्डला नाही, फक्त वाफ्यांना.
हरीण आठ फूट उडी मारू शकतं म्हणून सगळे घाबरतात. पण ते अशा जागेत उडी मारत नाही जिथे उतरायला आणि परत निघायला जागा दिसत नाही. म्हणून दहा बाय दहा फूट किंवा त्याहून छोटा, आत उंच वाफे असलेला भाग असेल तर पाच फुटी जाळीनेही बहुतेक काम होतं. मोठी जागा असेल तर आठ फुटी काळी प्लॅस्टिकची जाळी. किंवा चार-पाच फूट उंचीची दोन कुंपणं, मधे चार-पाच फूट अंतर, हरणाला उंची आणि रुंदी एकत्र पार करण्याचा अंदाज येत नाही. मधल्या पट्ट्यात कांदा-लसूण लावा.
फिशिंग लाइनचा पण उपाय आहे, खांबांना दोन-अडीच आणि चार-पाच फुटांवर जाड पारदर्शक दोरा ताणायचा. दिसत नाही, अंगाला लागतं, घाबरून मागे फिरतं. पण लहान मुलं पळत असतील तिथे बांधू नका, आणि बांधलात तर चिंध्या लावा.

बागुलबुवा_व्हीए
दोन कुंपणांच्या उपायाला +१. माझ्या मित्राच्या कम्युनिटी गार्डनमध्ये तसंच आहे. आणि बागेला वीजतारेचं कुंपण असलेले लोक तारेला ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्यांवर पीनट बटर लावून ठेवतात, हरीण चाटायला जातं आणि नाकाला हलका झटका बसला की त्या वाटेला जात नाही. उपनगरात परवानगी आधी विचारा.

मिरजगावकर
आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जवळच. ज्वारी-हरभऱ्यात काळवीट येतात. आमच्याकडचे जुने लोक कडेला करडई लावायचे, काटेरी असते म्हणून गुरं-हरणं आत शिरायला कचरतात. पीकही मिळतं आणि कुंपणही. तिकडे करडई होते का माहीत नाही, पण काटेरी कडेची कल्पना वापरता येईल.

लालमाती
ही कल्पना आवडली! इथे बार्बेरी आहे काटेरी, पण ती रानात पसरते आणि तिच्यात गोचिडी भरपूर राहतात म्हणतात, त्यामुळे नको. करडई इथे कट फ्लॉवर म्हणून लावतात, बी मिळतं.

मोगरावेडी
धागा वर काढतेय, ऑगस्ट संपत आला. सगळ्यांचे सल्ले मिसळून जे केलं आणि जे दिसलं ते लिहिते.
होस्टा आणि गुलाबांना अंड्याचा स्प्रे, लालमातीच्या प्रमाणानेच. चालला, नक्की चालला. होस्टा पूर्ण पानांनी उभे आहेत. जुलैत आम्ही बाहेरगावी होतो, वादळी पाऊस झाला, आल्यावर बघितलं तर गुलाबाचे नवे शेंडे गेलेले आणि जुनी फवारलेली पानं तशीच. म्हणजे नवी वाढ आणि पाऊस, दोन्हींचं जे सांगितलं होतं ते तंतोतंत.
अर्बोर्व्हिटीला साबण टांगलाय पण उन्हाळ्यात त्यांना दुसरं भरपूर खायला असतं, त्यामुळे त्याचा खरा निकाल हिवाळ्यातच कळेल.
भाजीला पेनकरांच्या पद्धतीने वाफ्यांभोवती पाच फुटी जाळी, लोखंडी खांब आणि झिप टाय, एका बाजूला फाटक. आत वाल, गवार, टोमॅटो सगळं सुखरूप, वालाच्या शेंगा तर संपत नाहीयेत. भेंडीला आत जागा उरली नाही म्हणून बाहेर लावली होती, तिची पानं गेली, कोवळ्या भेंड्या गेल्या. मिरच्या कुंपणाबाहेर आहेत, पानं थोडी खातात पण झाडं तगली. कॉफीचा चोथा घातला, काहीही परिणाम नाही, खत म्हणून ठीक.
पुढच्या वर्षी जाळी वाढवणार आणि फवारणी एप्रिलमध्येच, ट्युलिप दोन इंच वर आले की.

शेवंता
मस्त! इतकं नीट लिहिलंस, नवीन येणाऱ्यांना फार उपयोग होईल. एप्रिलचं एकदम बरोबर. एकदा हरणांना सवय लागली की तोडणं कठीण.

चिकूची_आई
वालाच्या शेंगा संपत नसतील तर पत्ता कळव :)

मोगरावेडी
ये की! वांगं-वाल करते.

पेनकर
आता सप्टेंबरपासूनची तयारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा माजाचा काळ. नर शिंगं घासतात ती बोटभर ते मनगटाएवढ्या जाडीच्या कोवळ्या खोडांवर, एका रात्रीत साल सगळीकडून सोलली गेली की झाड मरतं. नवीन लावलेलं सफरचंद, मॅपल, डॉगवुड असेल तर जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत जाळीचं नळकांडं घाला. ह्याला कुठलाही वास चालत नाही, कारण तो खायला येतच नाही. अर्बोर्व्हिटीला साबणाबरोबर डिसेंबर ते मार्च बारीक काळी जाळी गुंडाळा, बर्फ पडल्यावर खाली काही उरत नाही तेव्हा साबणावर विसंबू नका. आणि डॅफोडिल, अलियम, लसूण, सगळं ऑक्टोबरमध्येच जमिनीत.

नवी_पालवी
आत्ताच सगळा धागा वाचून काढला, नुकतंच घर घेतलंय. लालमाती, अंड्याचा स्प्रे केला पण बाटलीचं तोंड चोंदतं सारखं. ती पांढरी दोरी काढली होती. काय करू?

लालमाती
कपडा दुहेरी करून दोनदा गाळ, आणि मिक्सरमधून काढल्यावर फेस बसेपर्यंत थोडा वेळ ठेव. लसूण घातला असशील तर त्याचा चोथाच असणार, लसूण वेगळा भिजवून फक्त पाणी घाल. छोट्या ट्रिगरच्या बाटलीऐवजी पंपाचा स्प्रेअर घे आणि नोझल बारीक धुक्यावर न ठेवता जरा मोठ्या थेंबांवर ठेव. उरलेलं मिश्रण ठेवायचं असेल तर झाकण सैल ठेव, आंबून गॅस होतो. आणि वापरून झालं की लगेच गरम नाही, गार पाण्याने धू, गरम पाण्याने अंडं आत शिजतं.

नवी_पालवी
गरम पाण्यानेच धूत होते मी! आज गार पाण्याने करून बघते.